शोधयंत्राचा पाठभेद : जोतिबाच्या डोंगराच्या निमित्ताने

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील एका लघुप्रबंधाची तपासणी करीत असता प्रस्तुत लेखकाला एक विलक्षण वाक्य आढळले. पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथील जोतिबाच्या देवस्थानावर तो प्रबंध होता, आणि हे देवस्थान रत्नागिरी जिल्ह्यात असल्याचे त्यात निःशंकपणे नमूद केले होते. लिहिणारी विद्यार्थिनी कोल्हापूरचीच. चैत्री पौर्णिमेला गुलालाने माखलेली माणसे डोंगरावरून परतताना तिने लहानपणापासून पाहिलेली. "अगं, तू डोंगरावर कधी गेली नाहीस का?" असे विचारल्यावर ती ओशाळून म्हणाली, "गेलेय की, सर. पण शोधल्यावर पहिलंच तसं आलं."

चूक निष्काळजीपणाची होती व ती तिची होती, याविषयी वाद नाही. परंतु "पहिलंच तसं आलं" या उत्तरात एक गृहीत दडलेले आहे, आणि ते तिच्या एकटीचे नाही. जे पहिले येते ते कोणी तरी विचारपूर्वक पहिले ठेवले असले पाहिजे, असे आपण सारेच, अध्यापकसुद्धा, मानून चालतो. म्हणून ब्राउझरमध्ये आपल्यासाठी आधीच नेमून ठेवलेले शोधयंत्र बदलावे काय, आणि बदलल्याने अभ्यासकाचा नेमका कोणता लाभ होतो, हा वरवर क्षुल्लक व केवळ यांत्रिक दिसणारा प्रश्न संशोधनपद्धतीच्या चर्चेत घेणे अप्रस्तुत होणार नाही.

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत शब्द टाकला की तो कोणत्या शोधयंत्राकडे जावयाचा हे ठरलेले असते. या ठरलेपणाला इंग्रजीतून आलेला 'डीफॉल्ट' हा शब्द आपण वापरतो. आपल्या न्यायालयांत हाच शब्द निराळ्या अर्थाने रुळलेला आहे. पक्षकार तारखेला हजर राहिला नाही म्हणजे त्याच्या गैरहजेरीत जो एकतर्फी हुकूमनामा होतो, तो 'डीफॉल्ट'चा. संगणकाच्या परिभाषेतील अर्थ याहून फार दूर नाही. शोधयंत्र निवडले गेले तेव्हा वापरणारा हजर नव्हता एवढेच. तो निर्णय फिरवून घेण्याचा मार्ग मात्र खुला असतो. क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या पानावर शोधयंत्राचे सदर उघडले की दुसरे नाव निवडता येते. या कामाला एक मिनिटही लागत नाही.

इतके सोपे असूनही लोक ते करीत नाहीत, आणि ते करीत नाहीत यावर फार मोठा व्यवहार उभा आहे. अमेरिकेच्या सरकारने गूगलविरुद्ध चालविलेल्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी 5 ऑगस्ट 2024 रोजी निकाल दिला व शोधाच्या क्षेत्रात या कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकविली असे ठरविले. आपले शोधयंत्र ब्राउझरांत व फोनांत आधीपासून नेमलेले असावे यासाठी गूगलने 2021 या एका वर्षात 2630 कोटी डॉलर इतरांना दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले. त्याच निकालपत्रातील आणखी एक निरीक्षण आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये त्याच कंपनीचे बिंग हे शोधयंत्र आधीपासून नेमलेले असते, आणि तेथे होणाऱ्या शोधांपैकी सुमारे 80 टक्के बिंगकडेच जातात. इतरत्र सर्वत्र ज्याचा बोलबाला, ते गूगल एजमध्ये पाचव्या हिश्श्यावर येते. याचा अर्थ सरळ आहे. माणसे शोधयंत्र निवडीत नाहीत. समोर ठेवलेले वापरतात. 2 सप्टेंबर 2025 रोजी याच न्यायालयाने उपाययोजना सांगितली. तीत एकाधिकाराच्या करारांना मनाई केली, पण अशा जागेसाठी पैसे देण्याला सरसकट बंदी केली नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायासनापुढे आलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणी गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला. आयोगाच्या आदेशांना स्थगिती देण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये नकार दिला. त्यानंतर त्याच महिन्यात, भारतात नवा अँड्रॉइड फोन वापरावयास घेताना शोधयंत्र निवडण्याचा पर्याय पडद्यावर दिला जाईल असे कंपनीने जाहीर केले. पुढे 29 मार्च 2023 रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही आदेश मात्र रद्द केले.

या सुधारणेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिची चिकित्सा व्हावयास हवी. नवा फोन हाती आलेला माणूस तो चालू करण्याच्या घाईत असतो. अशा वेळी त्याच्यापुढे काही नावे येतात. त्या नावांमागे काय आहे, कोणाचे भांडार स्वतःचे व कोणाचे उसने, मराठी मजकूर कोणाला कितपत कळतो, हे त्याला तेथे कळत नाही. निवडण्याचा अधिकार मिळाला, पण निवडावयाचे कशावरून हा प्रश्न मागे राहिला. व्यापारातील न्यायाच्या दृष्टीने एवढे पुरेसे असेल. विद्येच्या दृष्टीने पुरेसे नाही.

येथे मराठीच्या अभ्यासकाला आपल्या ओळखीचे एक शास्त्र उपयोगी पडते, ते म्हणजे पाठचिकित्सा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम करताना वि. सी. सुखटणकरांनी जे धोरण अवलंबिले त्याचा गाभा असा, की पोथ्यांची संख्या मोजावयाची नाही, त्यांची कुळे पाहावयाची. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन शाखांत एकच पाठ आढळला तर त्याला वजन येते. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्या एकच गोष्ट सांगत असतील तर ती साक्ष दहांची नसून एकाची होय.

हाच निकष शोधयंत्रांना लावून पाहावा. जाळ्यावरील पाने स्वतः हिंडून गोळा करावयाची, त्यांची सूची करावयाची व ती सतत ताजी ठेवावयाची, हे काम इतके खर्चाचे आहे की स्वतःचे मोठे भांडार असलेली शोधयंत्रे जगात थोडीच आहेत. गूगल व बिंग ही त्यांतील प्रमुख. रशियातील यांडेक्स हे आणखी एक. ब्रेव्हने 2021 मध्ये आपले शोधयंत्र सुरू केले व इंग्लंडातील मोजीक हे लहान प्रमाणावर स्वतंत्रपणे चालते. याउलट स्टार्टपेज हे गूगलचे निकाल देते. याहू अनेक वर्षे बिंगच्या भांडारावर चालत आले आहे आणि डकडकगोचे नेहमीचे निकालही बहुतांशी बिंगकडून येतात. तेव्हा गूगल सोडून स्टार्टपेज धरणाऱ्याने नवी पोथी हाती घेतलेली नसते. तीच पोथी निराळ्या रुमालात बांधून घेतलेली असते. वैयक्तिक माहितीची नोंद होऊ नये हा हेतू असेल तर त्या रुमालालाही मोल आहे, आणि ते मोल मी कमी लेखीत नाही. परंतु दुसरी साक्ष काढली असे मात्र त्याने समजू नये. बिंगवरून डकडकगोवर जाणाऱ्याचीही स्थिती बरीचशी अशीच.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. जोतिबाच्या डोंगराचे दैव असे, की त्याचे प्रत्येक नाव त्याच्याहून मोठ्या नावाच्या छायेत सापडले आहे. देवाचे एक नाव केदारनाथ. ते शोधावयास गेले की हिमालयातील केदारनाथ आडवा येतो. गावाचे नाव वाडी रत्नागिरी. रत्नासुराचा वध देवाने येथे केला म्हणून हे नाव पडले अशी कथा आहे. पण 'वाडी' हा शब्द शोधयंत्राला दुबळा वाटला तर उरते ती कोकणातील रत्नागिरी. आमच्या विद्यार्थिनीचा घात येथेच झाला असावा. आणि 'जोतिबा' म्हणावे तर महात्मा फुले पुढे येतात. यात एक चमत्कारिक वर्तुळ आहे. 1827 मध्ये जन्मलेल्या फुल्यांचे जोती हे नाव जोतिबाच्या उत्सवाच्या दिवशी जन्म झाला म्हणून ठेवले, असे चरित्रकार सांगतात. डोंगरावरच्या देवाने माणसाला नाव दिले आणि आता त्या माणसाच्या कीर्तीखाली डोंगर झाकला जातो. फुल्यांविषयी अधिक लोकांना अधिक जाणून घ्यावयाचे असते, तेव्हा यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. पण बहुसंख्यांना काय हवे यावरून लावलेला क्रम, थोड्यांना हव्या असलेल्या गोष्टीच्या अभ्यासकाला वाट दाखवील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

क्रमाचा विषय निघाला आहे तर डोंगरावरच्या एका क्रमाचीही आठवण द्यावीशी वाटते. चैत्रयात्रेत गावोगावच्या उंच सासनकाठ्या येतात. त्यांच्या मिरवणुकीत कोणाची काठी पुढे आणि कोणाची मागे हे मानाप्रमाणे ठरलेले असते. सातारा जिल्ह्यातील पाडळी आणि विहे या गावांच्या काठ्यांचा मान अग्रभागी. हा क्रम सर्वांना ठाऊक असतो. तो का लागला याविषयी प्रत्येक गावाजवळ काही सांगण्यासारखे असते, त्यावर वादही घालता येतो, आणि वाद कोणाशी घालावयाचा हेही माहीत असते. शोधयंत्राच्या पानावरचा क्रमही एका अर्थी मानाचाच आहे. 1998 साली लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी गूगलची जी रीत मांडली तिचे तत्त्व हेच होते, की ज्या पानाकडे इतर मान्यवर पाने बोट दाखवितात ते पान वर चढवावे. जाहिरातीवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकल्यावाचून राहणार नाही, असा इशाराही त्याच दोघांनी त्या काळी आपल्या निबंधात दिला होता, ही गोष्ट आज वाचताना मौज वाटते. पुढे त्या साध्या तत्त्वावर शेकडो कसोट्यांची पुटे चढली. आता पाचवे पान पाचवे का आणि पन्नासावे पन्नासावे का, हे बाहेरच्या कोणालाही सांगता येत नाही. 2024 पासून तर पानाच्या माथ्यावर यंत्राने रचलेले तयार उत्तरही येऊ लागले आहे. काठ्यांची रांग पाहण्याची गरजच उरू नये अशी ही सोय.

क्रमाचे एवढे पुरे. क्रमात जे शिरतच नाही त्याचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तेथे दोष केवळ शोधयंत्राचा नाही. आपल्या लेखनाचा इतिहासही त्यास कारण आहे. यात्रेतील जयघोषच घ्यावा. जुन्या ग्रंथांत तो 'जोतिबाच्या नांवानें चांगभलें' असा भेटेल. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले, तेव्हा तो 'नावाने चांगभले' झाला. बोलीला धरून लिहिणारा 'नावानं चांगभलं' लिहितो. देवाचे नाव कोणी जोतिबा, कोणी जोतीबा, कोणी ज्योतिबा असे लिहितात. 'ज्योतिर्लिंग' मनात धरणाऱ्याला शेवटचे रूप शुद्ध वाटते. यंत्राला ही सारी रूपे एक आहेत असे कधी कळते, कधी कळत नाही, आणि दोन यंत्रांना ते सारखेच कळेल याचा भरवसा नाही. रोमन लिपीत गेले की आणखी एक फाटा फुटतो. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील कोल्हापूरचा खंड 1886 चा. त्या मालेत 'वाडी'तला 'व' रोमन 'व्ही'ने लिहिण्याची रीत होती. आज आपण तो 'डब्ल्यू'ने लिहितो. आजच्या अक्षरांनी विचारणाऱ्याला तो खंड हुलकावणी देतो.

आणि त्या खंडात काय आहे? मूळचे देऊळ नावजी साया नावाच्या भक्ताने बांधले अशी परंपरा. त्या जागी आजचे देऊळ राणोजी शिंदे यांनी 1730 मध्ये बांधले. रामलिंगाचे देऊळ मालजी निळम पन्हाळकर यांनी 1780 मध्ये, तर केदारेश्वराचे दौलतराव शिंदे यांनी 1808 मध्ये बांधले. हा सारा तपशील तेथे आहे. आज ठिकठिकाणच्या पानांवर ही सालेच फिरत असतात, पण कोठून आली ते बहुधा सांगितलेले नसते. वीस पाने एकच साल सांगत असली म्हणजे विद्यार्थ्याला ते वीस ठिकाणांहून सिद्ध झाल्यासारखे वाटते. कुळे पाहिली तर वीसही एका खंडाची वंशज निघण्याचा संभव आहे. त्या सालांचा पडताळा शिलालेखांवरून वा कागदपत्रांवरून घ्यावयाचे काम निराळेच उरते.

याहून खोल गेलेला एक ऐवज आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपण मराठी मजकूर संगणकावर निरनिराळ्या खाजगी टंकांत उतरविला. पडद्यावर तो देवनागरी दिसे, पण आत साठविलेली चिन्हे रोमनचीच असत. त्या काळातील कित्येक प्रबंध, स्मरणिका व नियतकालिके जशीच्या तशी जाळ्यावर चढविली गेली. कित्येक नुसती छायाचित्रांच्या रूपात आहेत. 'शोधगंगा'वरील जुन्या मराठी प्रबंधांतही ही अडचण भेटते. तेथे मजकूर आहे, वाचताही येतो, पण 'जोतिबा' या शब्दाला तो ओ देत नाही. गूगल असो की बिंग, या बाबतीत शोधयंत्र बदलून फारसे साधत नाही.

मग बदलाचा लाभ कोणता? या प्रश्नावर दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, जे उत्तम चालते ते बदलण्याचा उपद्व्याप कशाला? दुसरा पक्ष शोधयंत्र बदलण्याकडे जवळजवळ मुक्तीचे साधन म्हणून पाहतो. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. मराठी मजकुराच्या बाबतीत लहान शोधयंत्रांचे दारिद्र्य लपविण्यात अर्थ नाही. ब्रेव्ह किंवा मोजीक यांवर मराठी शब्द घालून पाहणाऱ्याला अनेकदा रिकाम्या हाताने परतावे लागेल. अशी पोथी आधारपोथी म्हणून घेता येणार नाही. दैनंदिन कामाला गूगलच राहू द्यावे असे कोणी ठरविले तर त्यास मी नावे ठेवणार नाही. परंतु खंडित, सदोष पोथीसुद्धा पाठभेदासाठी मोलाची असते. महिनाभर निराळ्या कुळातील शोधयंत्र नेमून पाहावे. तोच शब्द, तेच लेखन, पण पाने निराळी आणि त्यांचा क्रम निराळा. हा अनुभव एकदा आला की 'पहिले' हे कोणाचे तरी मत आहे, वस्तुस्थिती नव्हे, ही जाणीव सांगून येत नाही ती आपोआप येते. माझ्या मते शोधयंत्र बदलण्याचे विद्यादृष्ट्या हेच फळ आहे. त्यासाठी नवे यंत्र जुन्याहून चांगले असण्याची आवश्यकता नाही.

यापुढचे एक पाऊल असे, की ब्राउझरच्या त्याच सदरात आपल्या पसंतीची स्थळे स्वतः जोडता येतात. एखाद्या स्थळावर शब्द शोधला असता वर जो पत्ता येतो, त्यातील शब्दाच्या जागी शेकड्याचे चिन्ह व रोमन 'एस' हे अक्षर घालून तो पत्ता तेथे नोंदविला की पट्टीतून थेट त्या स्थळात शोध घेता येतो. मराठी विश्वकोश, शिकागो विद्यापीठाने उपलब्ध केलेले मोल्सवर्थचे व दाते-कर्वे यांचे कोश, 'शोधगंगा' ही स्थळे याप्रमाणे जोडून ठेवणारा विद्यार्थी मला अद्याप क्वचितच भेटला आहे. शोधयंत्रांच्या श्रेष्ठकनिष्ठतेवर वाद घालणारे मात्र पुष्कळ भेटतात.

जुन्या यात्रेकरूचीही जागा ठरलेली असे. गावोगावचे भाविक डोंगरावर आपल्या ओळखीच्या पुजाऱ्याच्या घरी उतरत, आजही उतरतात. तेही एक प्रकारचे आधीच नेमलेलेपण होय. पण पुजाऱ्याला यात्रेकरूचे गाव ठाऊक असते, यात्रेकरूला पुजाऱ्याचे घराणे ठाऊक असते, आणि देवाची कथा सांगताना पुजारी ती आपल्या घराण्याकडून आली आहे हे लपवीत नाही. लघुप्रबंधाच्या साधनविचारात विद्यार्थी ग्रंथालयांची नावे देतात, मुलाखती कोणाच्या घेतल्या ते सांगतात. शोधयंत्राचे नाव कोणी देत नाही. कोणते यंत्र, कोणत्या दिवशी, कोणत्या लेखनाने शब्द घातला, एवढ्या तीन गोष्टी तरी तेथे नोंदविल्या जाव्यात असे मी सुचवितो. निकाल दिवसागणिक बदलतात. तेव्हा अशा नोंदीने दुसऱ्याला तोच शोध पुन्हा घेता येईल असे नाही, पण मूळ शोध कोठे अडखळला असेल हे तरी ताडता येईल.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने आपला प्रबंध दुरुस्त करून दिला. जिल्हा बदलला, देवळांच्या सालांपुढे गॅझेटियरचे नाव आले, सासनकाठ्यांच्या क्रमावर एक नवे प्रकरण आले, आणि त्यातील मजकूर तिने यात्रेच्या दिवशी डोंगरावर उभे राहून टिपलेला आहे. शीर्षकात 'जोतिबा' लिहावे की 'ज्योतिबा', यावर मात्र तिचे मार्गदर्शक आणि मी यांचे अद्याप एकमत झालेले नाही.